ओटीपी कोणालाच सांगितला नाही, तरी कार्डवरून १ लाख १३ हजार गेले : नाशिकच्या इंदिरानगरमधलं एक प्रकरण

या प्रकरणात आमच्या बिल्डिंगमधल्या काकांनी कोणालाही ओटीपी सांगितलेला नाही, कोणा भामट्याशी फोनवर एक शब्द बोललेले नाहीत, आणि कार्ड पूर्ण वेळ घरातच होतं. तरीपण दिवाळीच्या आधीच्या शनिवारी भर दुपारी वीसेक मिनिटांत त्यांच्या क्रेडिट कार्डवरून १,१३,२९९ रुपये गेले. त्यातले किती परत आले, कोणते आले आणि कोणते नाही आले, आणि का, हे सगळं मी जवळून बघितलंय कारण कागदपत्रं आणि मेल मीच करून दिले. काकांना विचारूनच लिहितेय, फक्त त्यांचं नाव आणि बँकेचं नाव टाकत नाहीये.

काका सातपूरच्या एका कंपनीत टूलरूमला होते, आता रिटायर. इंदिरानगरला आमच्याच बिल्डिंगमधे दुसऱ्या मजल्यावर ते आणि काकू दोघंच राहतात, मुलगी पुण्याला आयटीत. माणूस एकदम काटेकोर, लाइट बिलाच्या पावत्या फाइलला लावणारा, त्यामुळे "असं अडाणी लोकांनाच होतं" असं ज्यांना वाटतं त्यांनी ते आधी डोक्यातून काढा.

झालं असं की २०२४ चा ऑक्टोबर, २६ तारीख, शनिवार. चौथा शनिवार म्हणजे बँकांना सुट्टी, दुसऱ्या दिवशी रविवार, पुढे धनत्रयोदशी. असा दिवस हे लोक मुद्दाम बघूनच धरतात असं माझं मत आहे, कारण शाखेत जाऊन विचारायची सोयच नसते. दुपारी जेवणानंतर काकांना व्हॉट्सॲपवर मेसेज आला, डीपीला त्यांच्याच बँकेचा लोगो, मजकूर असा की तुमच्या कार्डवर ८,४५० रुपयांचे रिवॉर्ड पॉइंट्स साठलेत, आज रात्री १२ ला एक्स्पायर होणार, खालच्या ॲपमधून क्लेम करा. खाली फाइल. लिंक नाही, फाइल, शेवटी डॉट एपीके, म्हणजे थेट फोनमधे ॲप टाकणारी फाइल. आता दिवाळीची खरेदी तोंडावर, काकू म्हणाल्या पण की बघा बाई आठ हजार फुकट जातील, आणि खरं सांगायचं तर पॉइंट्स खरोखर एक्स्पायर होतात हे काकांना माहीत होतं, मागच्या वर्षी गेले होते. खोट्यात थोडं खरं मिसळलेलं असतं म्हणूनच पटतं.

फाइलवर टच केल्यावर फोनने विचारलं की व्हॉट्सॲपवरून ॲप इन्स्टॉल करू देऊ का, धोका असू शकतो. काकांनी अलाऊ केलं. मग ॲपने मेसेज वाचायची परवानगी मागितली, तीपण दिली. मग त्याने स्वतःला मेसेजचं मुख्य ॲप करायला विचारलं, तिथेही हो. त्यानंतर बँकेसारखाच दिसणारा फॉर्म, कार्ड नंबर, एक्स्पायरी, मागचे तीन आकडे म्हणजे सीव्हीव्ही, जन्मतारीख. भरल्यावर आलं की २४ तासांत पॉइंट्स जमा होतील, फोन बंद करू नका. ॲपचा आयकॉन स्क्रीनवरून गायब झाला. काका म्हणाले चला झालं काम, आणि जरा आडवे झाले.

इथे थांबून एक गोष्ट समजून घ्या, कारण सगळं प्रकरण हिच्यावर उभं आहे. आपण घरोघरी सांगतो की ओटीपी कोणाला सांगू नका. बरोबरच आहे. पण त्या ॲपला मेसेज वाचायची परवानगी दिली की ओटीपी सांगायची गरजच उरत नाही, तो आला की ॲप तो परस्पर चोराच्या फोनवर पाठवून देतं, आणि ॲप स्वतःच मेसेजचं मुख्य ॲप असेल तर तुमच्या इनबॉक्समधे तो दिसतसुद्धा नाही. काकांचा इनबॉक्स नंतर बघितला तर त्या वेळातला बँकेचा एकही मेसेज नाही. म्हणजे दुपारी जागे असते आणि फोन हातात असता तरी कळलं नसतं.

आणि हे लोक थेट आपल्यापर्यंत का येतात त्यालाही माझ्या मते कारण आहे. १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने शॉपिंग साइटना तुमचा पूर्ण कार्ड नंबर साठवून ठेवता येत नाही, त्याऐवजी टोकन, म्हणजे त्या नंबरच्या जागी एक सांकेतिक नंबर असतो. त्यामुळे दुकानाच्या कॉम्प्युटरमधून नंबर चोरणं पूर्वीइतकं सोपं राहिलं नाही. नंबर, एक्स्पायरी आणि सीव्हीव्ही एकत्र मिळायची उरलेली सगळ्यात सोपी जागा म्हणजे कार्डवाला स्वतः.

आता वेळा लिहिते, कारण पुढे भांडण मिनिटांवरच झालं. ३:४१ ला ४९,५०० रुपयांचे गिफ्ट व्हाउचर. ३:४५ ला एका परदेशी साइटवर डॉलरमधे प्रयत्न, तो नाकारला गेला. ३:४९ ला एका शॉपिंग साइटवर ३८,९९९ चा मोबाइल. ४:०२ ला एका वॉलेटमधे २४,८००. या वेळा आम्हाला कळल्या त्या मेलवरून. कार्ड घेताना काकांनी ईमेल मुलीचा दिला होता, कारण स्वतःचा ते बघत नाहीत, आणि त्या एका गोष्टीने त्यांचे अर्ध्याहून जास्त पैसे वाचवले असं मी म्हणेन. पुण्यात मुलीने शनिवारी दुपारी सहज मेल उघडला तर बाबांच्या कार्डवर व्हाउचर, मग नाकारलेला डॉलर, मग मोबाइल. बाबा फोन उचलेनात, सायलेंटवर होता. काकूंना लावला. काकूंनी काकांना हलवून उठवलं, आणि मग तिने मला फोन केला, "ताई, पटकन खाली जा ना, बाबांच्या कार्डवर काहीतरी चाललंय."

मी खाली गेले तेव्हा काका कार्ड हातात धरून पाठीमागचा नंबर लावून बसले होते, ३:५६ ला लावलेला. हे त्यांनी एकदम बरोबर केलं, गुगलवर कस्टमर केअर शोधलं नाही, कार्डच्या मागचाच नंबर. गुगलवर शोधलं की खोटे नंबर वर येतात आणि तिथे दुसऱ्यांदा लुटले जाण्याची पुरेपूर सोय असते. पण फोन लावला होता त्याच फोनवरून ज्यात ते ॲप होतं. आयव्हीआर, म्हणजे बँकेचा रेकॉर्ड केलेला आवाज चालू, भाषेसाठी १ दाबा, कार्ड हरवलं किंवा फसवणूक झाली तर अमुक दाबा, मग संगीत. ते संगीत चालू असतानाच ४:०२ ला तिसरा ओटीपी त्याच फोनवर आला आणि परस्पर निघून गेला, २४,८०० गेले. काका बँकेशी बोलायला थांबलेत, फोन कानाला आहे, आणि त्याच फोनमधून पैसे जातायत. हे दृश्य आठवलं की मला अजून संताप येतो. ४:०५ ला एक्झिक्युटिव्हने कार्ड ब्लॉक केलं, कॉल संपला आणि त्या क्षणी आम्ही फोन फ्लाइट मोडवर टाकला आणि सिम काढून काकूंच्या जुन्या साध्या बटणांच्या फोनमधे घातलं, म्हणजे बँकेचे पुढचे मेसेज येतील पण ते ॲप वाचू शकणार नाही.

तुमच्या घरी असं झालं तर क्रम उलटा ठेवा. आधी तो फोन फ्लाइट मोडवर, मग दुसऱ्या कोणाच्याही फोनवरून बँकेला कॉल. नुसता मोबाइल डेटा बंद करून भागत नाही कारण काही ॲप्स साध्या एसएमएसनेच ओटीपी पुढे पाठवतात.

इकडे मी काकांसोबत आणि तिकडे मुलगी पुण्यातून १९३० लावतेय, असं दोघींनी वाटून घेतलं होतं. १९३० म्हणजे सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन, तिचा उपयोग तक्रार नोंदवण्यापुरता नाही, ती तक्रार ज्या ज्या बँकेत, वॉलेटमधे, कंपनीत पैसे गेलेत त्यांच्याकडे लगेच पाठवली जाते आणि पैसे अजून पुढे गेले नसतील तर तिथेच अडवता येतात. म्हणून "आधी घरच्यांशी बोलतो, सोमवारी शाखेत जातो" करायचं नाही. पहिल्यांदा लाइन बिझी लागली, परत परत लावून तिसऱ्या-चौथ्या वेळेला लागली. त्यांनी विचारलं कार्ड कोणत्या बँकेचं, तारीख, वेळ, रक्कम, मेलमधे कोणत्या कंपनीचं नाव आहे, ट्रान्झॅक्शन नंबर. मेल समोर असल्यामुळे तिला सगळं पटापट सांगता आलं. तक्रारीचा नंबर मेसेजवर आला आणि मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर बाकीची माहिती आणि स्क्रीनशॉट टाकले.

काकू म्हणत होत्या ते मेलं ॲप आधी काढून टाका. मी काढू दिलं नाही. माझ्या फोनने काकांच्या स्क्रीनचे फोटो काढले, तो व्हॉट्सॲप मेसेज, तो नंबर, फाइलचं नाव, सेटिंगमधे ॲपला दिलेल्या परवानग्या, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कॉल लॉगमधला ३:५६ चा कॉल. हे सगळं झाल्यावर, सोमवारी सायबर पोलिसांकडे अर्ज देऊन झाल्यावरच, फोन फॅक्टरी रीसेट केला. मधल्या काळात तो फोन बंदच. पेन्शनचं खातं दुसऱ्या बँकेत होतं, तेही त्याच फोनवर युपीआयला जोडलेलं, म्हणून तिथलं नेट बँकिंग आणि युपीआय त्याच दिवशी बंद करायला लावलं. लोक हे विसरतात. ॲप मेसेज वाचतंय म्हणजे फक्त एका कार्डचेच नाही, त्या फोनवर येणारे सगळेच ओटीपी उघडे पडलेत.

जाता जाता, नाशिक शहर पोलीस आयुक्तालय वेगळं आणि नाशिक ग्रामीण वेगळं, दोघांचं सायबर पोलीस ठाणंपण वेगळं. ओझर, सिन्नर, निफाडकडचे लोक शहरात येऊन चकरा मारतात, तर आधी आपलं घर कोणाच्या हद्दीत येतं ते विचारून निघा. १९३० मात्र सगळ्यांना सारखंच.

आता पैशांचं काय झालं ते. तिन्ही रकमांचं नशीब वेगवेगळं निघालं.

३८,९९९ चा मोबाइल. ऑर्डर गेली होती पण पार्सल निघालं नव्हतं. १९३० ची तक्रार त्या साइटकडे पोचली, आणि मुलीने साइटच्या कस्टमर केअरलाही तक्रार नंबरसकट मेल टाकला होता. ऑर्डर रद्द झाली आणि साधारण दोन आठवड्यांनी रक्कम कार्डवर क्रेडिट म्हणून दिसली. हे सगळ्यात सोपं निघालं, आणि ते पहिल्या तासात कळवल्यामुळे. सोमवारी सांगितलं असतं तर मोबाइल कुठेतरी डिलिव्हर होऊन विकलापण गेला असता.

२४,८०० वॉलेटवाले. वॉलेटमधे काही उरलं नव्हतं, पुढे पाठवले गेले होते. पण इथे बँकेची जबाबदारी येते आणि ती कशी येते हे नीट वाचा. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं एक सर्क्युलर तेव्हा लागू होतं, ग्राहकाच्या परवानगीशिवाय झालेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारात ग्राहकाची जबाबदारी किती यावर. त्यात आहे की चूक बँकेची असेल तर ग्राहकाला शून्य भुर्दंड. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, मधेच कुठेतरी गडबड, आणि ग्राहकाने बँकेचा मेसेज आल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तेव्हाही शून्य. ४ ते ७ कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ठरावीक मर्यादेपर्यंत, क्रेडिट कार्डची लिमिट ५ लाखांपर्यंत असेल तर जास्तीत जास्त १०,००० आणि त्यावर असेल तर २५,०००. त्याच्याही पुढे गेलात तर बँकेच्या स्वतःच्या धोरणाप्रमाणे. आणि ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे गेले असतील तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकाचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. हे शेवटचं वाक्य सोन्याचं आहे. निष्काळजीपणा मान्य केला तरीसुद्धा कळवल्यानंतरचं बँकेचं.

बँकेचं पहिलं उत्तर आलं ते अगदी ठराविक होतं. तिन्ही व्यवहार ओटीपीने प्रमाणित झालेत, ओटीपी तुमच्या नोंदणीकृत मोबाइलवर पाठवला होता, त्यामुळे ग्राहक जबाबदार, तक्रार बंद. बहुतेक लोक इथेच हरतात, त्यांना वाटतं झालं, बँकेने लिहूनच दिलं. खरं तर हे पहिलं उत्तर आहे, निकाल नाही. आणि बँक ओटीपीवर एवढी का अडून बसते त्याचं कारण पण कळलं पाहिजे. ओटीपी न लागलेला व्यवहार असेल तर बँक कार्ड नेटवर्कमार्फत चार्जबॅक करून दुकानदाराकडून पैसे परत ओढू शकते. ओटीपी लागून झालेला असेल तर फसवणुकीची जबाबदारी दुकानदारावरून कार्ड देणाऱ्या बँकेवर येते, म्हणजे परत केले तर बँकेच्याच खिशातून जातात. म्हणून तिथे ती सगळा जोर लावते.

आम्ही उत्तर बँकेच्या नोडल ऑफिसरला, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या वरच्या अधिकाऱ्याला पाठवलं. भावनिक काही लिहिलं नाही, दोन पानी कैफियत कोणी वाचत नाही. मजकूर साधारण असा होता:

"माझ्या कार्डवर दि. २६/१०/२०२४ रोजी माझ्या संमतीशिवाय तीन व्यवहार झाले. मी त्याच दिवशी दु. ३:५६ वाजता कार्डमागील क्रमांकावर कॉल केला, कॉल लॉग सोबत जोडला आहे. रु. २४,८०० चा व्यवहार ४:०२ चा आहे, म्हणजे मी बँकेला कळवायला सुरुवात केल्यानंतरचा आहे. आयव्हीआरवर थांबावं लागल्याचा वेळ माझ्या खाती धरता येणार नाही. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं आहे आणि ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे. तरी कॉलचं रेकॉर्डिंग व आयव्हीआरची नोंद तपासून रक्कम जमा करावी. १९३० तक्रार क्रमांक व पोलीस अर्जाची प्रत सोबत."

बँकेचं म्हणणं होतं की तक्रार ४:०५ ला नोंदली. आमचं म्हणणं की काकांनी फसवणुकीचं बटण त्याच्या आधीच दाबलंय, बँकेच्या सिस्टिममधे ते दिसेलच. नोडल ऑफिसने ते तपासलं आणि २४,८०० मान्य केले. म्हणजे सहा मिनिटांवर पंचवीस हजार फिरले, आणि ते सिद्ध झालं एका कॉल लॉगच्या फोटोवर. तसंच त्या सर्क्युलरमधे असंही आहे की कळवल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत बँकेने वादातली रक्कम तात्पुरती खात्याला परत दाखवायची, आणि ९० दिवसांत तक्रारीचा निकाल लावायचा, क्रेडिट कार्ड असेल तर त्या काळाच्या व्याजाचा बोजा ग्राहकावर टाकायचा नाही. हे आपणहून कोणी सांगत नाही, मेलमधे मागावं लागतं.

४९,५०० चे व्हाउचर. हे गेले. व्हाउचर काही मिनिटांतच वापरून टाकले होते. यावर आम्ही भांडलो, की ओटीपी काकांनी कोणाला दिला नाही, फोनमधे घुसलेल्या ॲपने चोरला, मग हा निष्काळजीपणा कसा. बँकेचं म्हणणं की कार्डचा नंबर आणि सीव्हीव्ही ग्राहकाने स्वतः भरला, ॲप स्वतः टाकलं, परवानग्या स्वतः दिल्या. आता यात ओळखीच्या एका गृहस्थांनी सल्ला दिला की लिहून टाका, मी काही डाउनलोड केलंच नाही, आपोआप झालं. मी स्पष्ट नाही म्हटलं. एक तर खोटं, दुसरं म्हणजे पोलिसांना दिलेल्या अर्जात सगळं खरं लिहिलंय आणि स्क्रीनशॉट जोडलेत, आणि एक खोटं सापडलं की खऱ्या २४,८०० वरपण कोणी विश्वास ठेवला नसता.

बँकेने नकार दिल्यावर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे तक्रार केली, सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन वर, फी नाही, वकील लागत नाही. आधी बँकेकडे तक्रार करून ३० दिवस थांबावं लागतं किंवा बँकेचा नकार हातात असावा लागतो. तिथे मुद्दल काही परत मिळालं नाही, पण बँकेने त्या रकमेवर लावलेलं व्याज, लेट फी आणि त्यावरचा जीएसटी सगळं उलटवलं. मला स्वतःला हा निकाल पूर्ण पटलेला नाही. फसवण्यासाठीच बनवलेल्या ॲपला बळी पडणं आणि पिन कागदावर लिहून पाकिटात ठेवणं हे एकाच शब्दात बसवणं चूक आहे असं मला वाटतं. पण तेव्हाचा नियम हातात घेऊन चाललं तर काकांनी सीव्हीव्ही भरला होता हे नाकारता येत नाही, आणि असं काही झालेल्या माणसाला "सगळे मिळतील" अशी खोटी आशा मी देणार नाही.

मधल्या काळातली एक गोष्ट राहिली, ती बिलाची. काकांच्या कार्डचं बिल बचत खात्यातून ऑटो-डेबिटने जायचं, आणि ते "टोटल ड्यू" वर, म्हणजे बिलाच्या पूर्ण रकमेवर सेट होतं. म्हणजे आपण इकडे भांडतोय आणि तिकडे नोव्हेंबरात बँक सगळी रक्कम खात्यातून परस्पर उचलणार. बिल जनरेट व्हायच्या आत ते बंद करून घेतलं. मग वादातली रक्कम सोडून बाकीचं, म्हणजे किराणा, पेट्रोल, काकूंचा दवाखाना, हे वेळेत भरलं. रागाने सगळंच बिल न भरणारे लोक मी पाहिलेत, तसं करू नका, वादात नसलेली रक्कम थकली की ती खरीच थकबाकी असते आणि सिबिलला जाते. फसवणूक म्हणून वादात टाकलेल्या रकमेवर निकाल लागेपर्यंत चार्ज लावायचा नाही असा रिझर्व्ह बँकेचा क्रेडिट कार्डबद्दलचा नियम आहे, तरी बिलात लागून आलं होतं, म्हणून दर महिन्याचं स्टेटमेंट बघून मेल टाकत राहावं लागलं.

अजून एक, आणि हे फार घाणेरडं आहे. तक्रार केल्यावर थोड्याच दिवसांत काकांना फोन आला, "सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे ट्रेस झालेत, रिलीज करायला २ टक्के प्रोसेसिंग भरा." काकांनी या वेळी सरळ ठेवून दिला. फसलेल्या माणसाला पैसे परत हवेच असतात, म्हणून तो परत गळाला लागतो हे त्यांना माहीत असतं. पोलीस, बँक, लोकपाल, यातलं कोणीही पैसे परत द्यायला पैसे मागत नाही.

आता कार्डकडे वळू, कारण नुकसान किती होणार हे बऱ्याच अंशी आधीच ठरलेलं होतं. ३:४५ चा डॉलरवाला प्रयत्न का अडला? बऱ्याच परदेशी साइटवर ओटीपी लागतच नाही, नंबर आणि सीव्हीव्ही पुरतो. पण रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे नवीन कार्डवर परदेशी वापर मुळात बंद येतो, आपण चालू केला तरच चालू होतो, आणि काकांचं कार्ड २०२१ चं, त्यांनी तो कधी चालू केला नव्हता. कोणीतरी दुबई ट्रिपला चालू करतं आणि परत आल्यावर तसाच राहतो, तर आजच बँकेच्या ॲपमधे जाऊन बघा.

दुसरी बाजू लिमिटची. काकांची मूळ लिमिट ६०,००० होती. नंतर बँकेकडून फोन आला की तुम्ही प्रीमियम कस्टमर, लिमिट वाढवून देतो, काकांनी हो म्हटलं, झाली २ लाख. महिन्याला पंधरा-सोळा हजारांच्या वर कधी खर्च नाही, मग दोन लाखांची लिमिट कोणाच्या कामाची? जुनीच लिमिट असती तर पहिल्या व्हाउचरनंतर बाकीचे दोन्ही व्यवहार लिमिटमधेच अडकले असते. लिमिट वाढवायला तुमची स्पष्ट संमती लागते आणि नको असेल तर नाही म्हणायचा पूर्ण हक्क आहे, कमी करूनपण मिळते.

नवीन कार्ड आल्यावर ॲपमधल्या सेटिंग काकांनी स्वतः केल्या, मी फक्त शेजारी बसले होते. लिमिट परत ६०,०००. ऑनलाइन वापर एरवी बंद, लाइट बिल, गॅस भरताना चालू करायचा, काम झालं की बंद, त्यालाही एका व्यवहाराला १०,००० ची मर्यादा. परदेशी वापर बंद. टॅप करून पैसे देणं बंद, कारण ५,००० पर्यंत त्याला पिन लागत नाही आणि काकांना कॉलेज रोडला किंवा मेन रोडला गर्दीत जाताना तीच भीती वाटते, मला ते इतकं गरजेचं वाटत नाही पण त्यांचं कार्ड, त्यांची मर्जी. ऑटो-डेबिट ठेवलंय पण बिल आल्यावर आधी मुलगी बघते. अलर्टचा ईमेल तिचाच, आणि आता तिने त्या मेलला फोनवर वेगळी रिंग लावलीये. फोनच्या सेटिंगमधे व्हॉट्सॲप आणि क्रोम दोघांनाही ॲप इन्स्टॉल करायची परवानगी काढून टाकलीये, आणि मेसेज वाचायची परवानगी कोणकोणत्या ॲपला आहे ती यादी तपासली तर एक टॉर्चचं आणि एक पंचांगाचं ॲपसुद्धा त्यात निघालं, दोन्हीची काढली.

काकूंच्या नावाचं ॲड-ऑन कार्ड, म्हणजे काकांच्याच खात्यावरचं जोडकार्ड होतं, ते कधी वापरलंच नव्हतं पण त्याचीपण लिमिट तीच दोन लाखांची सामायिक, तेही बंद करायला सांगितलं. बंद करायची विनंती दिल्यावर, देणं बाकी नसेल तर, बँकेने ७ कामकाजाच्या दिवसांत बंद करायचं असतं, नाहीतर दिवसाला ५०० रुपये दंड ग्राहकाला द्यायचा असतो. मेलमधे तेवढी एक ओळ लिहिली आणि ते मुदतीच्या आत बंद झालं.